अडल्यास दोन्ही हातांनी जोर लावावा

सोमवार, ४ मार्च

आज कंपनीत एक तक्रार आली. आमच्या फ्रेंच प्रेसमधून, म्हणजे दांडा दाबून कॉफी गाळायच्या भांड्यातून, गरम कॉफी उसळून एका बाईंचा उजवा हात मनगटापासून अंगठ्यापर्यंत भाजला. बाई शिवणकाम करतात. पत्र त्यांच्या मुलाने लिहिलंय. सोबत सूचनापत्रकाची झेरॉक्स होती आणि तिच्यात चौथ्या ओळीखाली निळी रेघ मारली होती : ‘दांडा अडल्यास दोन्ही हातांनी जोर लावावा.’

ते पत्रक मी लिहिलंय. बावीस वर्षं मी या कंपनीच्या भांड्यांची आणि यंत्रांची पत्रकं लिहितो. नातेवाइकांत कुणी विचारलं तर ‘लेखन करतो’ असं मोघम सांगतो. आपलं लिहिलेलं कुणी वाचत नाही, खोक्यातून निघतं आणि सरळ कचऱ्यात जातं, अशी माझी पक्की समजूत होती.

ती ओळ कुठून आली ते दुपारी आठवलं. लिंबं पिळायच्या यंत्राच्या पत्रकातून मी ती जशीच्या तशी उचलली होती. पहिली ओळ, ‘कॉफी बारीक दळलेली असावी’, गॅसवरच्या कॉफीच्या भांड्याच्या पत्रकातली. फ्रेंच प्रेस तेव्हा मी हातात धरूनही पाहिला नव्हता. मी चहा पिणारा माणूस.

हे कुणाला सांगावंसं वाटेना आणि पोटातही राहीना, म्हणून कपाटातली ही कोरी वही काढली.

मंगळवार, ५ मार्च

साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. दोघं म्हणजे मी आणि पत्रकं तपासणाऱ्या मॅडम. ऑफिसात सगळे त्यांना पाठीमागे ‘लाल पेन्सिल’ म्हणतात. हे नाव मीच पाडलंय. अकरा वर्षं त्या खाली पॅकिंगमध्ये होत्या. खोक्यांवरच्या चुका पकडायच्या म्हणून दोन वर्षांपूर्वी साहेबांनी त्यांना वर आणलं. तेव्हा मला ते रुचलं नव्हतं.

आमच्याकडे लिहिणाऱ्याची सही नसते, तपासणाऱ्याची असते. साहेबांनी फाइल उघडली आणि ‘तपासले’च्या खालची सही बोटाने दाखवली.

‘‘मॅडम, ही ओळ तुमच्या नजरेतून सुटली कशी?’’

‘‘सुटली खरी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझं सगळं लक्ष पहिल्या ओळीवर होतं, साहेब.’’ आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. बाहेर टेम्पोतून खोकी उतरवत होते.

‘‘तुमचं काय म्हणणं?’’ साहेबांनी मला विचारलं.

मी म्हणालो, ‘‘तपासणीत निसटलं असावं.’’

मला बोलायला एवढेच तीन अक्कलशून्य शब्द सापडले. साहेबांनी मान डोलावली. एक तारखेपासून मॅडम परत खाली पॅकिंगमध्ये जातील. त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि फाइल नीट बंद करून ठेवली. मी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला नाही. बायकोला सांगितलं, पोट ठीक नव्हतं.

शुक्रवार, ८ मार्च

स्टोअरमधून एक फ्रेंच प्रेस ‘नमुना’ म्हणून घरी आणला. उंच काचेचं भांडं, वर झाकण, झाकणातून जाणारा दांडा आणि दांड्याच्या टोकाला जाळी. बस, एवढंच. एवढ्याशा वस्तूवर मी आठ ओळी लिहिल्या आणि त्यातल्या दोन चोरीच्या.

सकाळी माझ्याच पत्रकाप्रमाणे कॉफी केली. बारीक पूड टाकली, उकळतं पाणी ओतलं, झाकण लावलं, दांडा दाबायला घेतला. तीन बोटं खाली गेला आणि अडला. मी एका हाताने दाबलं. मग दोन्ही हातांनी दाबलं, कारण लिहिलंय तसं करून बघायचं होतं. जाळी तिरकी झाली आणि कडेने कॉफी फिस्सकन वर आली. ओट्यामागच्या फरशीवर, गॅसवर, माझ्या बनियनवर. मी दोन ढांगा मागे उडालो म्हणून हात वाचला.

बायको धावत आली. आधी माझे हात उलटसुलट करून पाहिले, मग फरशी पाहिली. ‘‘अहो, गॅस पेटवायला शिकलात हेच खूप झालं. कॉफी बाहेर पिऊ.’’

भांड्यात उरलेली कॉफी तिने कपात ओतली आणि समोर उभं राहून सगळी प्यायली. तळाशी चमचाभर गाळ राहिला. मी विचारलं, कशी आहे? ‘‘आहे कॉफीसारखी,’’ म्हणाली.

त्या बाई एकट्या होत्या का स्वयंपाकघरात, हे पत्रात लिहिलेलं नव्हतं.

रविवार, १० मार्च

काल बाजारातल्या कॉफीवाल्याकडे गेलो. त्याला सांगितलं, फ्रेंच प्रेससाठी दळून दे. त्याने न विचारता भरड दळली, जाड्या मिठाएवढे दाणे. मी म्हणालो, बारीक नको का? तो हसला. ‘‘बारीक टाकाल तर दांडा जाईल का खाली? आणि गाळच प्याल. कुणी सांगितलं तुम्हाला बारीक?’’

मी म्हणालो, असंच कुठेतरी वाचलं.

आज सकाळी भरड पूड घेतली. पाणी उकळल्यावर अर्धा मिनिट तसंच ठेवलं. ओतल्यावर वर दाट थर धरला. चार मिनिटं घड्याळ लावून उभा राहिलो. मग चमच्याने थर हलकेच मोडला, वरचा फेस काढून टाकला आणि दांड्यावर नुसता तळहात ठेवला. दांडा आपोआप गेल्यासारखा खाली गेला. लगेच सगळी कॉफी कपात ओतून घेतली, कारण पुडीवर राहिली की कडवट होते असं कॉफीवाला म्हणाला होता.

मऊ लागली. कडूपणा जिभेला टोचत नव्हता. बायकोने एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं आणि दुसरा कप मागितला.

मला मात्र गोड लागेना. चौथ्या ओळीने हात भाजलाच नव्हता. दांडा अडला म्हणून बाईंनी जोर लावला, आणि दांडा अडला तो पहिल्या ओळीमुळे. पूड भरड असती तर चौथी ओळ कितीही मूर्खपणाची असू दे, कुणाला तिची गरजच पडली नसती.

आणि पहिल्या ओळीबद्दल मला एक गोष्ट आठवते आहे. आज लिहीत नाही.

मंगळवार, १२ मार्च

लिहितो. टेबलाच्या खालच्या खणात पत्रकाचा कच्चा कागद मिळाला. घरी आणून उजेडात तिरका धरला. पहिल्या ओळीसमोर समासात खोडलेल्या अक्षरांचे वळ अजून आहेत : ‘बारीक नव्हे, भरड ना?’

अक्षर लाल पेन्सिलीचं. खोडणारा मी.

मागच्या जूनमध्ये मॅडमनी हा कागद माझ्या टेबलावर ठेवला होता. मी खोडरबर घेतला आणि त्यांच्या देखत घासला. त्या म्हणाल्या, ‘‘सर, ते भरडचं मी असंच विचारलं होतं...’’ मी म्हणालो, ‘‘मॅडम, बावीस वर्षं हेच करतोय मी.’’ खरं तर तेव्हा एकवीसच झाली होती. त्या ‘हो सर’ म्हणाल्या आणि सही केली.

मला ओळ बरोबर आहे की चूक हे माहीत नव्हतं. पॅकिंगमधून आलेल्या बाईने मला विचारावं याचाच राग आला होता. आज त्यांना वाटतंय की चौथी ओळ सुटली ही त्यांची चूक, कारण लक्ष पहिल्या ओळीवर होतं. आणि पहिल्या ओळीचं नाव कुणी काढलेलंच नाही.

कागद याच वहीत ठेवलाय. स्वतःचीच किळस येते आहे.

शुक्रवार, १५ मार्च

साहेबांनी हुकूम काढला. उद्या त्या शिवणवाल्या बाईंकडे जायचं, कंपनीतर्फे दिलगिरीचं पत्र द्यायचं आणि भेट म्हणून एक नवा कोरा फ्रेंच प्रेस. मी म्हणालो, साहेब, ज्याने हात भाजला तेच परत द्यायचं? ते म्हणाले, ‘‘दुसरं काय देणार? इस्त्री?’’

संध्याकाळी बायको म्हणाली, ‘‘आठवडाभरात तुम्ही मला एकदाही उलटून बोलला नाहीत. काय केलंय?’’

मी अर्धं सांगितलं. पत्र, भाजलेला हात, मॅडमची बदली. खोडरबराचं गाळलं.

तिने विचारलं, ‘‘त्यांच्या घरी कोण कोण असतं?’’

मला माहीत नव्हतं. मॅडम दोन वर्षं माझ्यापासून चार हातांवर बसतात.

‘‘एवढं तरी विचारायचं माणसाने,’’ ती म्हणाली आणि उठून भाकरी... नाही, पोळ्या करायला गेली. हे मी का खोडतोय तेही कळत नाही. खोडायची सवय लागलीय.

शनिवार, १६ मार्च

बाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर. पुढच्या खोलीत दोन शिलाई मशिनी, एकीवर चादर टाकलेली. दोरीवर शाळेच्या गणवेशाचे बाह्या नसलेले शर्ट टांगले होते. कापून ठेवलेल्या बाह्यांचा गठ्ठा खुर्चीवर. बाईंनी डाव्या हाताने तो उचलून मला बसायला जागा केली. उजव्या हाताला बँडेज.

मी उभ्यानेच पत्र वाचून दाखवलं. त्या मध्येच म्हणाल्या, ‘‘अहो, कशाला एवढं? मुलाने उगाच लिहिलं. चूक माझीच आहे.’’

‘‘तुमची कशी?’’

‘‘पत्रकात दोन्ही हातांनी म्हटलंय. मी आधी एकाच हाताने लावला ना जोर. तिरका गेला असणार. लिहिणाऱ्याने सगळं नीट लिहिलं होतं. मीच घाई केली.’’

त्यांनी शिवणाच्या टोपलीतून ते पत्रक काढून दाखवलं. चार घड्या घातलेलं. होणारी सून पहिल्यांदा घरी येणार होती आणि तिला अशी कॉफी आवडते, म्हणून यांनी हे भांडं आणलं. ती यायच्या आदल्या दिवशी करून बघत होत्या. आठ ओळी दोनदा वाचल्या म्हणाल्या, एकही चुकू नये म्हणून.

सांगून टाकावं असं जिभेच्या टोकापर्यंत आलं आणि मी विचारलं, ‘‘करून दाखवू का?’’

भरड पुडीची पुडी मी घरून नेली होती. त्यांच्या ओट्याशी उभा राहून सगळं केलं. त्या शेजारी उभ्या राहून बघत होत्या, पण उसळेल म्हणून हात पाठीमागे धरलेला. मी दांड्यावर नुसता तळहात ठेवला. तो गेला खाली.

‘‘एवढंच?’’ त्या म्हणाल्या.

कप डाव्या हाताने धरून त्यांनी घोट घेतला. ‘‘अगंबाई, अशी असते होय ही! मऊ आहे.’’ मग पुडीत बोट घालून पाहिलं. ‘‘ही जाडी आहे. पत्रकात तर बारीक लिहिलंय.’’

‘‘नवीन पत्रक निघतंय,’’ मी म्हणालो.

त्यांनी कप ओट्यावर ठेवला. मग विचारलं, ‘‘माझ्या पत्रामुळे कुणाची नोकरी नाही ना जाणार? तसं असेल तर मुलाला सांगते, परत दुसरं लिही.’’

मी म्हणालो, नाही, तसं काही नाही. भाजलेल्या हाताची बाई कंपनीची काळजी करते आणि मी दोन पायांवर धडधाकट खोटं बोलून येतो.

सोमवार, १८ मार्च

साहेबांना सांगितलं. म्हणजे तोंडी, दार लोटून घेऊन. पहिली ओळ, खोडरबर, सगळं.

ते बराच वेळ पेन उघडझाक करत राहिले. मग म्हणाले, ‘‘हे बघा, वरती मॅडमचं नाव कळवून झालंय. त्या काही बोलल्या नाहीत. पॅकिंग त्यांना नवं नाही, पगार तोच. आता तुम्ही हे उकरून काढलंत तर मला परत सगळं लिहावं लागेल. चार वर्षांवर आली तुमची निवृत्ती. कशाला?’’

मी ‘बरं’ म्हणालो.

लाज अशी की बाहेर आल्यावर मला हलकं वाटलं. सांगून तर झालं ना, असं मनात आलं. जागेवर येऊन बसलो आणि मॅडमनी विचारलं, ‘‘सर, बरं वाटत नाही का? चहा मागवू?’’

बुधवार, २० मार्च

आज काही घडलं नाही. म्हणजे मी काही केलं नाही. सवयीप्रमाणे सूचना :

१. खोटं एकदाच बोलावे. दुसऱ्यांदा बोलल्यास ते आपोआप चालू राहते.
२. समोरच्या व्यक्तीने चहा विचारल्यास नाही म्हणावे, पण ते जमत नाही.
३. वापरानंतर आरशात पाहू नये.

वाचून हसू आलं आणि मग आलं नाही.

शुक्रवार, २२ मार्च

मॅडम टेबल आवरत होत्या. अजून आठवडा आहे, पण त्या आधीच आवरायला लागल्या. खणातून लाल पेन्सिली काढल्या, टोकं केलेल्या वेगळ्या आणि नवीन वेगळ्या. नवीन माझ्या टेबलावर ठेवल्या. ‘‘खाली लागणार नाहीत, सर. जो कुणी येईल त्याला द्या.’’

मी विचारलं, ‘‘मॅडम, तुमच्या घरी कोण कोण असतं?’’ दोन वर्षांत पहिल्यांदा.

त्यांना नवल वाटलं. ‘‘नवरा, सासरे आणि मी. मुलगी शिकायला बाहेरगावी आहे. का हो?’’

‘‘काही नाही.’’

मग मी कागद घेतला आणि लिहायला बसलो. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं लिखाण, जे कुठून उचललेलं नव्हतं. ‘ओळ एक चूक आहे. ती मी न तपासता लिहिली. तपासनीस मॅडमनी ती दुरुस्त केली होती. त्यांची दुरुस्ती मी खोडली. ओळ चारही माझीच. पाच तारखेला विचारल्यावर मी खोटं बोललो.’ खाली सही केली. सोबत खोडलेला कागद जोडला. एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली, एक सरळ वरच्या ऑफिसात जाऊन दिली, म्हणजे आता साहेबांनाही मागे घेता येऊ नये आणि मलाही. तिसरी मॅडमच्या टेबलावर. त्या जागेवर नव्हत्या. बरं झालं. समोर उभं राहून द्यायची छाती नव्हती.

घरी बायकोला राहिलेलं अर्धं सांगितलं. ती म्हणाली, ‘‘मला खोडरबराचं माहीत नव्हतं, पण काहीतरी होतं हे माहीत होतं.’’ मग म्हणाली, ‘‘त्या बाईंनाही सांगितलंत का?’’

नव्हतं सांगितलं.

सोमवार, २५ मार्च

सकाळी ऑफिसला जायच्या आधी शिवणवाल्या बाईंकडे गेलो. दारातच सांगितलं, पत्रक मी लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, ‘‘मग परवा माझ्या ओट्याशी उभे होतात तेव्हा का नाही बोललात?’’ त्यांनी दार लावलं. आपटलं नाही, लावलं. बरोबर केलं.

ऑफिसात निकाल लागला होता. मॅडम आहेत तिथेच राहणार. माझं लिखाण बंद. फ्रेंच प्रेसची सगळी खोकी दुकानांतून परत मागवली आहेत. खाली स्टोअरमध्ये बसून प्रत्येक खोकं उघडायचं, जुनं पत्रक काढायचं, नवीन घालायचं, खोकं बंद करायचं. नवीन पत्रक मॅडम लिहिणार.

मॅडम माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. चार हातांवर बसून दिवसभर. मला तेच हवं होतं आणि तेच सोसत नव्हतं.

शुक्रवार, २९ मार्च

स्टोअरमध्ये तिसरा दिवस. खोकी छतापर्यंत. पॅकिंगच्या बायका माझ्या चिकटपट्टी फाडण्याला हसतात. बोटांनी फाडतो म्हणून. एकीने दात वापरायला शिकवलं.

दुपारी मॅडम खाली आल्या. हातात नव्या पत्रकांचा गठ्ठा, शाई अजून ओली. गठ्ठा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘वाचून घ्या.’’

मी म्हणालो, ‘‘माझं वाचणं आता लागत नाही, मॅडम.’’

‘‘वाचा.’’

वाचलं. भरड दळलेली पूड. पाणी उकळल्यावर अर्धा मिनिट थांबावे. चार मिनिटे. दांडा हलक्या हाताने खाली न्यावा. अडल्यास थांबावे, जोर लावू नये. एक शब्द इकडचा तिकडे करायला नको होता. तसं सांगितलं.

त्या जाईनात. एका रिकाम्या खोक्याची कड सरळ करत उभ्या राहिल्या. मी म्हणालो, ‘‘मॅडम, माफी मागायचं तोंड नाही मला. तुमची नोकरी माझ्यामुळे...’’

‘‘नोकरीचं जाऊ द्या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘इथे अकरा वर्षं काढलीत मी, परत काढली असती.’’ आवाज चढला नव्हता, पण हात थांबला होता. ‘‘मला तुमचा राग वेगळ्याच गोष्टीचा आलाय. सांगू का?’’

‘‘सांगा.’’

‘‘आमच्या घरचं हे भांडं माझ्या वडिलांचं, माहेरून आणलेलं. आम्ही लहानपणापासून भरडच करायचो. म्हणून तर विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही खोडलंत. म्हणालात, बावीस वर्षं हेच करतोय. मला वाटलं, आमचंच चुकत असणार. त्या दिवसापासून घरी मी बारीक दळून आणते. नऊ महिने झाले. गाळ येतो, कडू होते. दांडा एवढा जड जातो की नवरा भांडं धरतो आणि मी दाबते. एकदा सासऱ्यांच्या शर्टावर उडाली. ते म्हणाले, अगं, आधीची बरी होती. मी त्यांनाच सुनावलं. म्हटलं, आमच्या सरांना कळत नसेल का?’’

मी हातातलं पत्रक खाली ठेवलं. इतक्या दिवसांत मला लाज वाटत होती ती सगळी मी केलेल्या गोष्टींची होती, आणि त्यांच्या घरी रोज सकाळी काय चाललंय ते मला माहीतच नव्हतं. म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर काय उडालं असतं, हा विचार मी आता, हे लिहिताना करतोय.

त्या निघाल्या. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

‘‘म्हणजे सर,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आता घरी परत भरड केली तर चालेल ना?’’

मी त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. नव्हता. त्या खरंच विचारत होत्या.